जंतूंची ओळख पटवणाऱ्या लान्सफील्डबाई

शास्त्रज्ञ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा मोठा क्षण उभा राहतो. न्यूटनचे सफरचंद, आर्किमिडीजचे न्हाणीघर, मादाम क्यूरींची अंधारात चमकणारी काचपात्रे. शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला तशी सवयच लावून ठेवली आहे. परंतु शास्त्रातले पुष्कळसे काम घरातल्या निवडण्या-पाखडण्यासारखे असते. सुपात धान्य घ्यावे, दाणा वेगळा, खडा वेगळा, कोंडा वेगळा करावा आणि सूप रिकामे झाले की पुन्हा भरावे. या कामाचे कौतुक कोणी करीत नाही; पण ते नीट झाले नाही तर जेवताना दाताखाली खडा येतो आणि मग सगळ्यांना त्याची आठवण होते. साठ वर्षे न कंटाळता असे निवडण्याचे काम करीत राहिलेल्या एका बाईंची ही हकिकत आहे. त्यांचे नाव रिबेका लान्सफील्ड.

लान्सफील्डबाई अमेरिकेतल्या. सूक्ष्मजंतुशास्त्र हा त्यांचा विषय आणि त्यातही स्ट्रेप्टोकॉकस या एकाच जातीच्या जंतूंचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला. मराठीत या जंतूंना मालागोलाणू म्हणतात आणि ते नाव फार समर्पक आहे. हे गोल जंतू सूक्ष्मदर्शकाखाली माळेत ओवलेल्या मण्यांसारखे एकापुढे एक दिसतात. माणसाचा घसा सुजतो तो पुष्कळदा यांच्यामुळे. लोहितांग ज्वर, बाळंतपणानंतर येणारा जीवघेणा ताप, जखमेतला पू, हृदयाच्या झडपा निकामी करणारा संधिवाती ज्वर, या सगळ्यांच्या मागे हीच माळ. आणि गाईच्या कासेत शिरून तिचे दूध नासवणारीही हीच माळ. मग ही एकच माळ की वेगवेगळ्या? दिसायला तर सारख्या. हा प्रश्न बाईंच्या आधी किती तरी जणांना पडला होता. त्याचे खात्रीचे उत्तर त्यांनी दिले.

या प्रश्नाचे महत्त्व कळायला आधी गाईच्या रोगाकडे पाहायला हवे. या रोगाला शास्त्रीय भाषेत कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. आमच्याकडे शेतकरी लोक त्याला 'दगडी' म्हणतात. मी शेतकऱ्याच्या घरातली. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे जंतुशास्त्राचे शब्द मला पुस्तकातून शिकावे लागले. पण दगडी म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागले नाही. सड तापतो, कास दगडासारखी घट्ट होते, हात लावला की गाय लाथ झाडते, धारेबरोबर गाठी येतात, कधी पिवळट पाणी येते तर कधी रक्त उतरते. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते चारा बाधला. याहून फसवा प्रकार म्हणजे वरून काहीच दिसत नाही, दूध मात्र दिवसेंदिवस कमी होत जाते आणि एक एक सड कायमचा आटतो. ज्या घरात मीठ-मिरची दुधाच्या पैशावर येते त्या घरात हे नुकसान केवढे, हे सांगण्याची गरज नाही.

या रोगामागे जंतू आहेत हे प्रथम नीटपणे दाखवले ते फ्रान्समध्ये. एडमंड नोकार हे पॅरिसजवळच्या आल्फोर येथील प्रसिद्ध पशुवैद्यक विद्यालयातले प्राध्यापक. त्यांनी मोलेरो या पशुवैद्याच्या साहाय्याने दुभत्या गाईंच्या सांसर्गिक कासदाहावरचे आपले संशोधन १८८७ मध्ये पाश्चर यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. रोगी गाईच्या दुधात त्यांना मालागोलाणू दिसले. धार काढणाऱ्याच्या हातांनी ते एका गाईकडून दुसरीकडे जातात, हेही त्यांनी ओळखले. पुढे या जंतूला स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी असे नाव पडले. त्यातल्या अगॅलॅक्टी या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ दूध नसणे असा आहे. शास्त्रज्ञांनी दिलेले नाव आणि गोठ्यातला अनुभव येथे एक झाले.

पण नाव पडले म्हणजे ओळख पटली असे नाही. त्या काळी जंतू ओळखायचे ते रूपावरून आणि वागण्यावरून. अगारच्या थरात रक्त मिसळून त्यावर जंतू वाढवायचे. काही मालागोलाणू आपल्याभोवतीच्या रक्तपेशी फोडतात आणि त्यांच्या वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक वलय पडते. माणसाच्या घशातले घातक जंतू असे वलय पाडतात; पण गाईच्या कासेतलेही पुष्कळ तसेच वलय पाडतात. साखरेचे निरनिराळे प्रकार आंबवण्याची शक्ती तपासून पाहिली, तरी पूर्ण उलगडा होईना.

हा घोटाळा केवळ पुस्तकी नव्हता. १९११ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात घशाच्या भयंकर रोगाची साथ आली आणि हजारावर माणसे आजारी पडली. रोग्यांपैकी बहुतेकांकडे एकाच डेअरीचे दूध येत होते. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात शिकागोलाही दुधातून अशीच साथ पसरली. आता दोष कोणाचा? गाईच्या कासेत मालागोलाणू सापडले म्हणून सगळ्या गाई अपराधी धरायच्या, तर मग तसे जंतू असलेले दूध इतर हजारो लोक रोज पीत होते, ते का आजारी पडले नाहीत? उलट कासेतले जंतू निरुपद्रवी म्हणून सोडून द्यावेत, तर बोस्टनमधल्या मेलेल्या माणसांना काय उत्तर द्यायचे? गाय, गवळी आणि गिऱ्हाईक या तिघांत खरा उगम कुठे हे सांगायचे तर दिसायला सारख्या असणाऱ्या दोन जंतूंमधला फरक खात्रीने सांगता यायला हवा होता. तो सांगण्याचे साधन कोणाच्याच हाती नव्हते.

रिबेका क्रेगहिल हिचा जन्म ५ जानेवारी १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील फोर्ट वड्सवर्थ या लष्करी ठाण्यावर झाला. वडील सैन्यात अधिकारी. त्यामुळे बदल्या होत आणि मुलींची शाळाही बदले. पुढे ती वेलस्ली येथील मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल, की ती तेथे गेली ती फ्रेंच आणि इंग्रजी शिकायच्या विचाराने. पण तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण प्राणिशास्त्राचा अभ्यास करीत होती. तिची पुस्तके, तिची चित्रे, तिने चिरलेले प्राणी पाहून रिबेकाला वाटले की आपल्यापेक्षा हिचा अभ्यास अधिक मजेचा आहे. तिने विषय बदलला आणि १९१६ मध्ये ती पदवीधर झाली. एका खोलीतल्या सोबतीने एक आयुष्य कसे वळते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पदवी मिळाल्यावर पुढे शिकायची इच्छा होती, परंतु घरची परिस्थिती अशी की लगेच नोकरी धरणे भाग होते. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे मुलींच्या निवासी शाळेत तिने वर्षभर शिक्षिकेचे काम केले आणि पगारातून काटकसरीने पैसे बाजूला ठेवले. सैन्यातील अधिकाऱ्यांच्या मुलींसाठी असलेली एक शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जंतुशास्त्र शिकायला गेली. १९१८ साली तिने एम. ए. पूर्ण केले. त्याच वर्षी डोनाल्ड लान्सफील्ड या आनुवंशिकीच्या अभ्यासकाशी तिचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी रॉकफेलर इन्स्टिट्यूट या न्यूयॉर्कमधील वैद्यकीय संशोधन संस्थेत तिला साहाय्यकाची जागा मिळाली. येथून पुढे आपण त्यांना लान्सफील्डबाई म्हणू.

तो पहिल्या महायुद्धाचा शेवटचा काळ होता. टेक्सासमधील लष्करी छावण्यांत गोवराच्या पाठोपाठ मालागोलाणूंमुळे न्यूमोनिया होऊन जवान सैनिक मरत होते. तेथून आणलेले जंतूंचे १२५ नमुने रॉकफेलर संस्थेत आले. ऑस्वल्ड एव्हरी आणि अल्फान्से डोशेझ या दोन ज्येष्ठ संशोधकांच्या हाताखाली बाईंनी ते तपासायला घेतले. (आनुवंशिक गुण डीएनएच्या द्वारे जातात हे पुढे १९४४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून देणारे एव्हरी ते हेच.) छावण्यांत आलेला जंतू एकच नव्हता, त्यात अनेक प्रकार होते, असे या तपासणीतून दिसून आले. १९१९ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा दोघा ज्येष्ठांच्या नावांबरोबर या तेवीस-चोवीस वर्षांच्या साहाय्यक मुलीचेही नाव होते. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

त्यानंतर काही काळ हे काम सुटले. बाईंनी फळमाश्यांच्या आनुवंशिकीवर काम केले, वर्षभर ओरेगन विद्यापीठात शिकवले. १९२२ मध्ये त्या रॉकफेलर संस्थेत परत आल्या त्या कायमच्याच. आता त्या होमर स्विफ्ट यांच्या विभागात होत्या. संधिवाती ज्वराचे कारण शोधणे हे तेथले काम. रक्तावर हिरवट डाग पाडणाऱ्या एका प्रकारच्या मालागोलाणूंवर तेव्हा संशय होता. बाईंनी कसून तपासणी केली आणि तो संशय निराधार असल्याचे दाखवले. याच कामावर १९२५ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. एखाद्याचा अपराध सिद्ध करणे हे जसे शास्त्राचे काम, तसे निरपराध्याला सोडवणे हेही शास्त्राचेच काम आहे, हे त्यांच्या कामाच्या सुरुवातीलाच दिसून येते.

यानंतर त्यांनी आपली पद्धत बसवली. ती समजून घेण्यासारखी आहे, आणि समजायला फारशी अवघडही नाही. बाहेरचा कोणताही पदार्थ अंगात शिरला की आपले शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे फार चोखंदळ असतात. ज्या पदार्थासाठी ती तयार झाली त्यालाच ती धरतात, दुसऱ्याला धरीत नाहीत. जणू एका कुलपाला एकच किल्ली. मेलेले जंतू सशाला टोचले की त्याच्या रक्तात त्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्या सशाच्या रक्तातला स्वच्छ रक्तरस काढून ठेवला की किल्ली हाती आली. आता कुलूप हवे. बाईंनी जंतू सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडात घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यात तापवले. त्यामुळे जंतूंच्या कवचातले काही पदार्थ सुटून द्रवात उतरतात. अॅसिडाचा आंबटपणा मारून, यंत्रात फिरवून गाळ खाली बसवला, की वर नितळ अर्क राहतो. हा अर्क आणि तो रक्तरस काचेच्या बारीक नळीत एकत्र आणायचे. जुळले तर नितळ द्रव गढूळ होऊन साका पडतो. जुळले नाही तर द्रव नितळच राहतो. बस्स, एवढेच. डोळ्यांनी दिसणारा पांढुरका साका हीच साक्ष.

१९२८ पर्यंत बाईंच्या लक्षात आले की या अर्कात दोन निरनिराळे पदार्थ महत्त्वाचे आहेत. एक प्रथिन, त्यावरून माणसाला रोग करणाऱ्या जंतूंचे बारीक बारीक प्रकार पाडता येतात. दुसरा साखरेच्या जातीचा, म्हणजे कार्बोहायड्रेट. त्यावरून मोठे गट पाडता येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर एकावरून घर कळते आणि दुसऱ्यावरून कूळ. गाईचा आणि माणसाचा जंतू वेगळा करायचा तर कूळ पाहायला हवे होते.

म्हणून त्यांनी निरनिराळ्या ठिकाणचे १०६ वाण जमा केले. काही रोगी माणसांचे, काही गाईंचे व इतर जनावरांचे, काही दुधातले, काही चीजमधले. प्रत्येकाचा अर्क काढायचा, प्रत्येकाविरुद्ध रक्तरस लावून पाहायचा, साका पडला की नाही ते वहीत मांडायचे. एकेका वाणाला अनेक नळ्या. १९३३ मध्ये या कामावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १०६ वाणांचे पाच गट पडले. बाईंनी त्यांना मोठी नावे दिली नाहीत. नुसती अक्षरे दिली : ए, बी, सी, डी आणि ई. ए गटात माणसाला रोग करणारे जंतू. बी गटात गाईच्या कासेतले आणि दुधातले. सी गटात निरनिराळ्या जनावरांचे, डी मध्ये चीजमधले, आणि ई मध्ये पुन्हा दुधातले. जंतू आले कोठून, त्याप्रमाणे ते आपापल्या गटात जाऊन बसले. इतक्या वर्षांचा घोटाळा एका तक्त्यात सुटला. आज जगातल्या वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय प्रयोगशाळा मालागोलाणूंचे वर्गीकरण सांगताना लान्सफील्ड गट असेच म्हणतात.

आता बोस्टनच्या प्रश्नाकडे परत येऊ. गाईच्या नेहमीच्या सांसर्गिक कासदाहात सापडणारा जंतू बी गटाचा. त्याने माणसाच्या घशाच्या साथी येत नाहीत. दुधातून पसरणाऱ्या घशाच्या साथींचा जंतू ए गटाचा, म्हणजे मुळात माणसाचा. मग तो गाईच्या कासेत आला कोठून? धार काढणाऱ्या माणसाकडून. घसा बसलेला, हाताला जखम असलेला माणूस धारेला बसला की त्याचा जंतू सडावाटे कासेत शिरे, तेथे वाढे आणि दुधाबरोबर शेकडो घरी पोचे. माणसाने गाईला रोग दिला आणि गाईने तो गावाला वाटला. पाहायला गेले तर दोष मुक्या जनावराच्या माथी मारला जात होता, आणि त्या बिचाऱ्या गवळ्यालाही आपण काय करीत आहोत याची कल्पना नव्हती. नळीतल्या चिमूटभर साक्याने हा न्यायनिवाडा केला. दूध तापवून प्यावे, आजारी माणसाने धारेला बसू नये, हात आणि कास धुवावी, हे नियम पूर्वीही सांगितले जात होते. त्यांच्यामागचे कारण आता बोट ठेवून दाखवता येऊ लागले.

गाईंच्या बाजूनेही या ओळखीचा मोठा उपयोग झाला. बी गटाचा हा जंतू गोठ्यात मुख्यतः कासेतच ठाण मांडून असतो. त्यामुळे कोणकोणत्या गाईंच्या कासेत तो आहे हे हुडकून काढले, त्यांना औषध दिले आणि धार काढताना स्वच्छता पाळली, तर अख्ख्या कळपातून त्याला हद्दपार करता येते. पेनिसिलिन आल्यावर हे प्रत्यक्षात उतरले, कारण हा जंतू पेनिसिलिनला सहसा दाद देतो. उलट कासदाह करणारे पुंजगोलाणू पुष्कळदा पेनिसिलिनला जुमानत नाहीत. आणि शेणामातीतून येणाऱ्या कोलाय जंतूंवर तर ते चालतच नाही. म्हणजे रोग दिसायला एक, पण मागचा जंतू वेगळा असला की औषध वेगळे आणि खबरदारीही वेगळी. नाव कळल्याशिवाय औषध देणे म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखे आहे.

प्रत्येक ठिकाणी ससे पाळून रक्तरस तयार करणे शक्य नसते. म्हणून इतर संशोधकांनी सोप्या खुणा शोधल्या. १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ख्रिस्टी, अॅटकिन्स आणि मुंक-पीटरसन यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली. रक्त मिसळलेल्या अगारवर पुंजगोलाणूंची एक रेघ ओढायची आणि तिच्याजवळ, तिला न टेकवता, काटकोनात मालागोलाणूंची रेघ ओढायची. मालागोलाणू बी गटाचे असतील तर दोन रेघांच्या संगमापाशी रक्त अधिक विरघळून बाणाच्या टोकासारखी स्वच्छ आकृती उमटते. या तिघांच्या आद्याक्षरांवरून या कसोटीला कॅम्प कसोटी म्हणतात. पण बाणाची ही आकृती कोणत्या गटाची खूण आहे हे सांगता आले, ते बाईंनी गट आधी पाडून ठेवले होते म्हणून.

गोठ्यातही काही कसोट्या करता येतात. पहिल्या धारा काळ्या थाळीवर काढल्या तर गाठी चटकन दिसतात. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या कसोटीत दुधात साबणासारखे एक द्रावण मिसळतात. कास सुजलेली असेल तर दूध चिकट, बुळबुळीत होते. पण या कसोट्या कास आजारी आहे एवढेच सांगतात. कोणामुळे आजारी, हे सांगायला प्रयोगशाळाच लागते. सडाचे टोक स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा बाजूला टाकून, निर्जंतुक बाटलीत थोडे दूध घ्यायचे आणि थंड ठेवून वेळेवर पोचवायचे. एवढे केले तर बाटलीतले दूध आपली हकिकत स्वतः सांगते.

लान्सफील्डबाई गाईंच्या जंतूंपाशी १९३३ मध्ये थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी बी गटाचेही पोटप्रकार पाडून दाखवले. १९३५ मध्ये इंग्लंडचे रॉनल्ड हेअर यांच्याबरोबर त्यांनी बाळंतिणींच्या अंगातले मालागोलाणू तपासले. बाळंतज्वर झालेल्या बायकांत ए गटाचे जंतू आढळले. पण निरोगी बाळंतिणींच्या अंगावरही काही मालागोलाणू नांदत होते, आणि त्यांत बी गटाचेही होते. १९३८ मध्ये लंडनमध्ये तीन बाळंतिणी बी गटाच्याच जंतूने दगावल्याची नोंद झाली. गाईचा म्हणून ओळखलेला जंतू माणसातही होता. १९७० च्या सुमारास तर नवजात बालकांच्या जीवघेण्या जंतुसंसर्गाचे हे एक प्रमुख कारण आहे असे दिसून आले. आईच्या अंगातले हे जंतू गाईकडूनच आले असे समजण्याचे कारण नाही. ते माणसात स्वतंत्रपणे राहतात. पण एका गोष्टीचा विचार करावा. ज्या दिवशी डॉक्टरांना या जंतूची गरज भासली, त्या दिवशी त्याचे नाव, गट, पोटप्रकार आणि ओळखण्याची रीत तयार होती. चाळीस वर्षांपूर्वी गाईच्या दुधावर केलेले काम पाळण्यातल्या बाळाच्या उपयोगी पडले. पुष्कळ देशांत आता गरोदर स्त्रियांची या जंतूंसाठी तपासणी करतात आणि ज्यांच्यात ते सापडतात त्यांना प्रसूतीच्या वेळी पेनिसिलिनसारखे औषध देतात. १९७५ मध्ये बाईंनी सहकाऱ्यांसह बी गटाच्या जंतूंपासून संरक्षण देणाऱ्या प्रतिपिंडांवर निबंध लिहिला. तेव्हा त्यांचे वय ८० होते.

ए गटावरचे त्यांचे काम तर आयुष्यभर चालू राहिले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील घशाच्या साथींचा तपास करताना त्यांच्या रक्तरसाचा उपयोग झाला. देशोदेशींच्या प्रयोगशाळांतून जंतूंचे नमुने त्यांच्याकडे येत आणि बाई ते ओळखून पाठवीत. अवघड गुन्हे अखेर लंडनच्या स्कॉटलंड यार्डकडे जावेत तसे अवघड जंतू त्यांच्याकडे येतात, म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेला गमतीने मालागोलाणूंचे स्कॉटलंड यार्ड म्हणत. हजारो वाणांचा संग्रह त्यांनी जपून ठेवला.

एवढे करूनही मान मिळाला तो उशिराच. १९१८ साली ज्या संस्थेत त्या साहाय्यक म्हणून शिरल्या, तेथे पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९५८ साल उजाडावे लागले. चाळीस वर्षे! दरम्यान १९४३ मध्ये अमेरिकेच्या जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना अध्यक्ष केले होते. त्या पदावर बसलेल्या त्या दुसऱ्या स्त्री. दुधातून पसरणाऱ्या ब्रुसेलाच्या रोगावर काम करणाऱ्या अॅलिस इव्हान्स या पहिल्या. १९६१ मध्ये अमेरिकेतील प्रतिकारशास्त्रज्ञांच्या संघाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, आणि १९७० मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्य. या काळात त्यांनी संसार केला, एक मुलगी वाढवली आणि प्रयोगशाळेतल्या नळ्या मात्र कधी सोडल्या नाहीत. १९६५ मध्ये त्या रीतसर निवृत्त झाल्या तरी रोजचे काम थांबले नाही. १९८० च्या अखेरीस पडून कमरेचे हाड मोडले, तेव्हाच त्यांचे प्रयोगशाळेत येणे बंद झाले. ३ मार्च १९८१ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे चरित्र लिहिताना एक गोष्ट माझ्या मनात सारखी येत होती. आपण सहज म्हणतो, नावात काय आहे? पण नावात पुष्कळ आहे. ज्या रोगाच्या कारणाला नाव नाही त्याला दृष्ट म्हणतात, कोप म्हणतात, नशीब म्हणतात आणि हात जोडून बसतात. एकदा का खरे नाव कळले की हात सोडून कामाला लागता येते. बाईंनी दिलेली नावे तर नुसती अक्षरे होती. पण त्या अक्षरांनी गाईवरचा खोटा आळ दूर केला, गवळ्याला हात धुण्याचे कारण दिले आणि पुढे बाळांचे प्राण वाचवायला मदत केली. आमच्यासारख्या ज्यांच्या घरात अक्षरेच नव्याने आली आहेत, त्यांना एका अक्षराची ही किंमत चटकन कळते.

आपल्या महाविद्यालयातून शास्त्रज्ञ बाहेर पडतील की नाही, मला ठाऊक नाही. आपण तर कला शाखेचे. पण निवडण्याचे काम सगळीकडेच आहे. इतिहासात आहे, भाषेत आहे, समाजातल्या रूढींतही आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक पुराव्याने दाखवायचा, आणि पुरावा मिळेपर्यंत कोणालाही दोषी ठरवायचे नाही, एवढे जरी आपण लान्सफील्डबाईंकडून घेतले तरी त्यांची हकिकत वाचल्याचे चीज होईल.